लहान उद्योग : उत्पादनाचा आराखडा आणि उत्पन्नाचा अंदाज
(संस्थेच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी हा विषय आमच्याकडे सोपवला तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही कला शाखेचे पदवीधर. इतिहास आणि मराठी घेऊन बी. ए. झालो, परीक्षा देऊन बँकेत कारकून म्हणून लागलो आणि आज चाळिशी ओलांडली तरी कारकूनच आहोत. अर्थशास्त्रावर व्याख्यान देण्याचा अधिकार आमचा नाही. मात्र कर्जाच्या टेबलाशेजारी बसून अनेक वर्षे आम्ही एक गोष्ट पाहत आलो आहोत, तेवढी सांगण्याचा अधिकार आपण आम्हाला द्यावा. आपल्या वस्तीतील मुले आणि भगिनी शिलाईचे, पापडाचे, छपाईचे, सुट्या भागांचे लहान उद्योग काढतात. त्यातील काही उभे राहतात, काही दोन वर्षांत बंद पडतात. बंद पडणारी माणसे आळशी नसतात, अप्रामाणिक तर मुळीच नसतात. माल किती तयार करता येईल हे त्यांनी मोजलेले असते. तो कोणत्या महिन्यात विकेल आणि पैसा कोणत्या महिन्यात हाती येईल, हे मोजलेले नसते. आज आम्ही बोलणार आहोत ते या दुसऱ्या मोजणीबद्दल.

ही मोजणी आपल्या नाशिकला नवी नाही. त्रिरश्मी लेण्यांवर आपण सर्व जाऊन आलो आहोत. तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याला सुमारे एकोणीसशे वर्षे होत आली. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ती कोणाकडे ठेवली? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. आता हिशोब करून पाहा. दोन हजारांवर महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे, असे लेखात आहे; वीस बारे दोनशे चाळीस. एक नाणे इकडचे तिकडे नाही! हा व्यवहार नगरसभेत ऐकवला गेला आणि दप्तरी नोंदवला गेला, हेही त्याच लेखात आहे.

हे वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याला दानशूर राजपुरुष दिसतो. बँकेतल्या माणसाला ते विणकर दिसतात. वर्षाला बारा टक्के आणि नऊ टक्के व्याज, तेही कायमचे, देण्याचे त्यांनी मान्य केले. आपल्या मागांवर किती कापड निघते, ते कोठे खपते आणि पावसाळ्यात किती खपत नाही, याचा अंदाज असल्याशिवाय कोणी असे वचन देईल असे आम्हाला वाटत नाही. त्याच डोंगरावर विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचाही लेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधासाठी तिने वेगवेगळ्या कारागीर श्रेणींकडे ठेवी ठेवल्या; त्यात तेल्यांची श्रेणी होती, जलयंत्रे करणाऱ्यांचीही होती. कारागिरांची पत होती. पत जातीवरून किंवा शिफारशीवरून टिकत नाही, दर महिन्याला ठरलेली रक्कम देता येण्यावर टिकते.

विणकरांवरून आपण शिलाईकडे येऊ, कारण आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त अर्ज शिलाईचे येतात. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. ते कोणा एकाच्या वहीतले नाहीत. आपण आपापले आकडे त्या जागी घालावेत.

समजा, एका भगिनीने चार मशिनी घेऊन शाळेचे शर्ट शिवायचे ठरवले. एका मशिनीवर दिवसाला दहा शर्ट, म्हणजे चार मशिनींवर चाळीस, महिन्याचे पंचवीस दिवस धरून एक हजार. वर्षाला बारा हजार. एका शर्टाची किंमत २२० रुपये, म्हणजे वर्षाची विक्री २६ लाख ४० हजार. प्रकल्प अहवाल लिहून देणारा एजंट हा हिशोब पाच मिनिटांत करतो आणि वर दोन-तीन हजार रुपये घेतो. अहवाल सुबक टाइप केलेला असतो, त्यावर शिक्का असतो. फक्त तो खरा नसतो.

प्रथम उत्पादन पाहू. मशिनी चार असल्या तरी काज-बटणाचे मशीन एकही नाही. ते काम बाहेर द्यावे लागते आणि हंगामात तो काजवाला साऱ्या गावाचा माल घेऊन बसलेला असतो. वीज जाते. कोणाचे मूल आजारी पडते. लग्नसराईत दोन कारागीर आठवडाभर गावी जातात. अशा वेळी दिवसाला चाळीस नव्हे, अठ्ठावीस शर्ट पूर्ण होतात. पूर्ण म्हणजे काज, बटण, इस्त्री, घडी आणि पिशवी. महिन्याला सातशे. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा परवडणारा आहे की नाही हे केवळ त्याच्या आकारावरून ठरत नाही, श्रम, भांडवल आणि अवजारे यांच्याशी असलेल्या त्याच्या प्रमाणावरून ठरते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. मशिनींचेही तसेच आहे. पाचवे शिलाई मशीन घेतले तर शर्ट वाढणार नाहीत, काजवाल्याच्या दारातला ढीग वाढेल.

आता खर्च. एका शर्टाला कापड ११० रुपये, दोरा-बटण-पिशवी १५, मजुरी ४५, एकूण १७०. विक्री २२०. एका शर्टामागे हातात राहिले पन्नास. दुकानाचे भाडे पाच हजार, वीज दोन हजार, कर्जाचा हप्ता सहा हजार, किरकोळ दोन हजार, असा महिन्याचा पंधरा हजारांचा खर्च एकही शर्ट शिवला नाही तरी होतोच. पंधरा हजार भागिले पन्नास म्हणजे तीनशे. महिन्याला तीनशे शर्ट विकले जातात तेव्हा तोटा थांबतो. त्या भगिनीला स्वतःच्या कष्टाचा एक रुपयाही अजून मिळालेला नसतो. तिला घरी महिना दहा हजार न्यायचे असतील तर आणखी दोनशे. म्हणजे महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार. विद्यार्थी मित्रहो, हा भागाकार आठवीच्या मुलालाही येतो. पण अर्जदारांपैकी फार थोड्यांनी तो करून आणलेला असतो. आम्ही मुद्दाम विचारतो, "ताई, महिन्याला किती विकले म्हणजे तोटा होणार नाही?" बहुधा उत्तर येते, "जेवढे जास्त तेवढे चांगले."

वर्षाला सहा हजार शर्ट म्हणजे १३ लाख २० हजारांची विक्री. एजंटच्या अहवालात होते २६ लाख ४० हजार, बरोबर दुप्पट. हा फरक केवळ कागदावर राहत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीने १९९२ मध्ये शिफारस केल्यापासून लहान उद्योगाचे खेळते भांडवल अंदाजित वार्षिक विक्रीवरून काढण्याची पद्धत रूढ आहे. विक्रीच्या पंचवीस टक्के रक्कम लागेल असे धरून त्यातील वीस टक्के बँक देते आणि पाच टक्के उद्योजकाने घालायचे. खऱ्या अंदाजावर हे कर्ज २ लाख ६४ हजार होते, फुगवलेल्या अंदाजावर ५ लाख २८ हजार. जास्त मिळाले म्हणून पेढे वाटले जातात. मग जास्तीच्या पैशातून घराला रंग लागतो, भावाची मोटारसायकल येते. व्याज मात्र शर्टांनीच फेडायचे असते, आणि शर्ट तेवढे नाहीत. नव्वद दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादित ठरते, नाव पतनोंदणीत जाते आणि पुढे मुलाच्या शैक्षणिक कर्जाच्या वेळी ते नाव पुन्हा समोर येते.

अनुदानाचेही असेच आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातींच्या उद्योजकाला शहरात पंचवीस आणि ग्रामीण भागात पस्तीस टक्के अनुदान ठरवलेले आहे, स्वतःचा वाटा फक्त पाच टक्के. योजना चांगली आहे, तिचा लाभ अवश्य घ्यावा. पण अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकलेली असते, हाती येत नाही. अनुदान मोठे मिळावे म्हणून प्रकल्प मोठा दाखवणारा माणूस तीन वर्षे त्या मोठ्या प्रकल्पाचे हप्ते भरत बसतो. आधी माल किती विकेल ते ठरवावे, त्यावरून मशिनी, आणि मशिनींवरून कर्ज. आपल्याकडे हा क्रम अनेकदा उलटा चालतो.

आता हंगामाकडे वळतो. सारी गंमत आणि सारा धोका येथेच आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडते. समजा, दोन-तीन शाळा मिळून तीन हजार शर्ट हवे आहेत आणि ते १० जूनपर्यंत पोहोचले पाहिजेत. महिन्याला सातशे या वेगाने सव्वाचार महिन्यांहून थोडे अधिक लागतात. म्हणजे १ फेब्रुवारीला पहिला शर्ट मशिनीवर चढला पाहिजे. परंतु शाळा ऑर्डर पक्की करते मार्च-एप्रिलमध्ये! ऑर्डरची वाट पाहिली तर माल अपुरा पडतो, आणि वाट न पाहता शिवला तर नको त्या शाळेच्या रंगाचा ढीग अंगावर पडतो. ज्या शर्टावर शाळेचे बोधचिन्ह लागले तो दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, रद्दीच्याच भावाने जातो.

यावर कसबी कारागीर काय करतो? तो फेब्रुवारीत साधे पांढरे शर्ट शिवतो, जे कोणत्याही शाळेत चालतात. त्यातही आधी मधली मापे, कारण ती सर्वांत जास्त खपतात. फार लहान आणि फार मोठी मापे शेवटी, मोजून. बोधचिन्ह ऑर्डर हाती आल्यावर लावायचे. रंगीत आणि चौकटीचे कापड लेखी ऑर्डर आल्याशिवाय कापायचे नाही. कापलेले कापड पुन्हा ठाणात जात नाही. उत्पादनाचे नियोजन हा शब्द जड आहे, पण त्याचा अर्थ एवढाच की जे नक्की विकेल ते आधी आणि ज्याची खात्री नाही ते शक्य तितके उशिरा.

पैशाचेही वेळापत्रक याच पद्धतीने मांडावे लागते. तीन हजार शर्टांना १७० रुपयांप्रमाणे ५ लाख १० हजार, फेब्रुवारी ते जून पाच महिन्यांचा वरखर्च ७५ हजार, एकूण ५ लाख ८५ हजार. शाळेकडून पैसा येणार जुलैत, कधी ऑगस्टमध्ये. आणि बँकेची मर्यादा आहे २ लाख ६४ हजार. म्हणजे वर्षाच्या सरासरीवर काढलेले भांडवल हंगामाच्या ऐन टोकाला अपुरे पडते, हे आधीच कळायला हवे. कळले तर उपाय आहेत. शाळेकडून तिसरा हिस्सा आगाऊ मागावा; ६ लाख ६० हजारांच्या मालावर तो २ लाख २० हजार होतो. त्यात बँकेचे पैसे आणि आपले ६६ हजार मिळवले की साडेपाच लाख झाले. उरलेल्या ३५ हजारांसाठी कापडवाल्याकडून महिनाभराची उधारी घ्यावी. शिवाय पहिले हजार शर्ट एप्रिलमध्येच पोहोचवून त्यांचे बिल वेगळे करावे. हे सारे जानेवारीत शांत डोक्याने ठरवले तर जमते. मे महिन्यात कारागिरांची मजुरी थकलेली असताना ठरवायला बसलो तर सावकाराचे दार दिसते, आणि तेथील व्याज उषवदाताच्या दराचे नसते.

जुलैनंतर काय? वर्षाचे तीन हजार शर्ट अजून बाकी आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कामगारांचे कपडे, रुग्णालये, उपहारगृहे, सुरक्षारक्षक अशी गिऱ्हाइके पावसाळ्यातच शोधली पाहिजेत. येथे एक सूचना कराविशी वाटते. नाशिकमध्ये दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. २००३ आणि २०१५ नंतर आता २०२७. या काळात सर्व जण मोठमोठे अंदाज बांधतात. त्या गर्दीत जरूर माल विकावा, मात्र पाच वर्षांचे कर्ज पर्वणीच्या भरवशावर घेऊ नये. पर्वणी संपते, हप्ता संपत नाही.

अंदाज चुकतात, हे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गणवेशाचा हंगाम ऐन भरात होता. कापड कापलेले, शाळा बंद, आणि पुढचे जवळजवळ सारे वर्ष शाळा भरल्याच नाहीत. हे कोणाच्याही अंदाजात नव्हते. दुसरे उदाहरण जास्त बोधक आहे. पूर्वी सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत गणवेश शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होत. दोन गणवेशांना मिळून विद्यार्थ्यामागे ६०० रुपये मिळत आणि गावच्या शिंप्याला, बचत गटाला काम मिळे. २०२४-२५ मध्ये राज्य शासनाने 'एक राज्य, एक गणवेश' योजना आणली. कापड एका ठिकाणाहून, आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून. विद्यार्थी किती, हे ठाऊक होते. शाळा कधी उघडणार, तेही ठाऊक होते. तरीही शाळा सुरू होऊन कित्येक आठवडे लोटले तेव्हा अनेक शाळांत गणवेश पोहोचलेले नव्हते. कापड उशिरा आल्याच्या, मापे न जुळल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि काम पुन्हा शाळा समित्यांकडे आले. एवढी मोठी यंत्रणा हाताशी असूनही हातांचा आणि दिवसांचा मेळ बसला नाही. आणि गावोगावच्या ज्या शिंप्यांनी दरवर्षीच्या ऑर्डरीवर कर्ज काढले होते त्यांचे काय झाले असेल, याचा आपणच विचार करावा. एकाच गिऱ्हाइकावर वर्षाचा निम्म्याहून अधिक माल अवलंबून असेल तर अंदाज कितीही नीट असला तरी उद्योग एका कागदाच्या निर्णयावर उभा असतो.

म्हणून आम्ही प्रत्येकाला दोन अंदाज लिहायला सांगतो. एक बरा, एक कमी. लेखी ऑर्डर पूर्ण धरावी. "बघू, देऊ" अशा तोंडी शब्दाचा तिसरा हिस्सा धरावा. नात्यातल्या माणसाने दिलेला शब्द आम्ही तर धरतच नाही, माफ करा. कापड कमी अंदाजावर घ्यावे, कारागिरांना बऱ्या अंदाजावर सांगून ठेवावे. कारण कारागीर चार दिवस जादा बसून तूट भरून काढतो, पण पडून राहिलेले कापड काही भरून काढत नाही. पहिल्या वर्षी मागचे आकडे नसतात, तेव्हा शाळेत जाऊन विचारावे: पट किती, प्रत्येक मूल किती जोड घेते, आत्ता कोण पुरवतो, लोक त्याच्यावर का नाराज आहेत. दुसऱ्या वर्षापासून आपली वहीच सांगते.

वही कशी असावी? दोनशे पानी साधी वही पुरे. दर महिन्याला एक पान. डाव्या बाजूला महिन्याच्या आरंभी लिहिलेला अंदाज: किती शिवू, किती विकू, किती पैसा येईल. उजव्या बाजूला महिनाअखेर प्रत्यक्ष झालेले. खाली एक ओळ, फरक का पडला याची. 'काजवाला आजारी', 'शाळेने चाळीस परत केले, कॉलर लहान' इतकेच. तीन महिन्यांत कळते की आपण नेहमी एकाच दिशेने चुकतो. विक्रीचा अंदाज जास्त आणि दिवसांचा अंदाज कमी, ही बहुतेकांची सवय असते. विकलेला माल आणि आलेला पैसा हे दोन वेगळे रकाने ठेवावेत. बिल फाडले म्हणजे पैसा आला असे नाही.

आलेल्या पैशाबद्दल एक माहिती देऊन थांबतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत दिले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने व्याज लागू होते. त्यासाठी आधी उद्यम नोंदणी हवी; ती २०२० पासून ऑनलाइन आहे, तिला शुल्क नाही. कोणी त्यासाठी पाचशे रुपये मागत असेल तर देऊ नयेत. गिऱ्हाइकाशी भांडण करून हक्क मागावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण बिलावर तारीख आणि उद्यम क्रमांक असला की पुष्कळदा भांडणाची वेळच येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

येथे बसलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या घरात किंवा शेजारी कोणी असा उद्योग करीत असेल तर येत्या रविवारी त्यांच्याजवळ बसून डाव्या बाजूचे पहिले पान भरून द्यावे. बँकेत अर्ज नेण्यापूर्वी ते पान आम्हाला दाखवले तरी चालेल. सुट्टीच्या दिवशी सायंकाळी आम्ही संस्थेच्या वाचनालयात असतो. सोबत एजंटचा अहवालही आणावा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.